लायब्ररीतली एक रेघ

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यावर काय एपिसोड करायचा? पण जरा थांबा.

कॉलेजच्या लायब्ररीत एक डेस्क असतं, तिथे आपण काहीही विचारतो. "प्रिंटर कुठंय?" इथपासून "माझ्या प्रोजेक्टच्या विषयावर आधी काय काम झालंय?" इथपर्यंत. हे प्रश्न मोजायची जुनी पद्धत म्हणजे कागदावर रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी.

आता गंमत बघा. प्रिंटर दाखवला, एक रेघ. बीटेकच्या शेवटच्या वर्षी ग्रंथपाल मॅडमनी अख्खी दुपार बसून मला पेपर कसे शोधायचे ते शिकवलं. अशा मोजणीत त्याचीही एकच रेघ! त्यात सोपे प्रश्न आपण हल्ली फोनलाच विचारतो. म्हणजे रेघा कमी होणार, आणि मग कुणीतरी म्हणणार, "डेस्कवर माणूस हवाय कशाला?"

यावर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात काम करताना बेला कार गर्लिक यांनी 'रीड स्केल' तयार केली. उत्तर द्यायला किती ज्ञान, कौशल्य आणि वेळ लागला, त्याला 1 ते 6 आकडा द्यायचा. 1 म्हणजे नुसती दिशा दाखवणं, 6 म्हणजे बरेच दिवस चालणारं शोधकाम. आम्ही ऑफिसात तिकिटांना पॉइंट देतो ना, तसंच. अडचणही तीच: माझा 3 तुमचा 4 असू शकतो. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून नमुन्याच्या प्रश्नांवर सराव करायचा.

सोबत वेळ आणि विषय लिहिला की डेटा बोलायला लागतो. रोज प्रिंटरच विचारतायत? मग माणूस नको, पाटी लावा. 4-5 वाले प्रश्न संध्याकाळी येतायत? मग अनुभवी ग्रंथपाल तेव्हा बसवा. सबमिशनच्या आधी एकाच विषयाची गर्दी होतेय? मग थेट वर्गात जाऊन शिकवा.

फक्त एक पथ्य: विचारणाऱ्याचं नाव, रोल नंबर लिहायचा नाही. आपल्यावर नजर आहे असं वाटलं, तर पोरं विचारणंच बंद करतील.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. मॅडमनी त्या दुपारी माझे कित्येक आठवडे वाचवले. ते रेघेत कधीच दिसलं नसतं.

चला, भेटू पुढच्या भागात!