एमआयडीसीतली ती ‘टुक-टुक’ कुणाची? बाल्कनीतूनच शोधा तांबट

भोसरी-चाकण पट्ट्यात ठोकल्याचा आवाज आला की तो वर्कशॉपमधून येतोय असंच वाटतं. पण उन्हाळ्यात ही एकसुरी ‘टुक-टुक’ अनेकदा झाडावरून येत असते. तांब्याची भांडी ठोकल्यासारख्या या आवाजामुळेच या पक्ष्याला तांबट म्हणतात.

तो कसा ओळखायचा?
चिमणीएवढा, हिरवा, कपाळ लालभडक. पानांत चटकन दिसत नाही, म्हणून आधी आवाजाची दिशा धरा. वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडले असतील तर तिथे नक्की बघा.

दुर्बीण हवीच का?
नाही. शिफ्टवरून आल्यावर चहाची पंधरा मिनिटं पुरेत. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंजीर हळूहळू ओळखीचे होतात.

नोंद का करायची?
‘ई-बर्ड’वर नोंद मोफत करता येते. हजारो पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवरून २०२३ मध्ये देशातल्या ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला.

आणि एक लक्षात ठेवा: तांबट वाळक्या फांदीत चोचीनं भोक कोरून घरटं करतो. सोसायटीत छाटणी असेल तेव्हा आधी वर बघा. फांदीला गोल भोक दिसलं आणि ती पडण्याचा धोका नसेल, तर राहू द्या.