स्नायूंचा वेगळा एक्स-रे

रोवणीच्या दिवसांत कंबर धरलेली माणसे दवाखान्यात येतात आणि "डॉक्टरसाहेब, एक्स-रेच काढून टाका" म्हणतात. नेहमीच्या एक्स-रेत हाडे दिसतात; दुखणारा स्नायू बहुधा दिसत नाही. स्नायूची आतली रचना दाखवणारा एक्स-रेचा दुसरा प्रकार मात्र आहे. तो रोग्यावर नव्हे, प्रयोगशाळेत स्नायूच्या तुकड्यावर वापरतात.

रात्री छत्रीच्या ताणलेल्या कापडातून दूरच्या दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती ठिपक्यांची नक्षी दिसेल. धागे जितके जवळ, ठिपके तितके दूर. स्नायूतही मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू ओळीने रचलेले असतात. त्यांतून क्ष-किरण गेले की अशीच नक्षी उमटते. स्नायू आखडताना हे तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांनी मांडले. त्याआधी हक्स्लींनी बेडकाच्या स्नायूची अशी चित्रे घेतली होती. एकेका फिल्मला तासन् तास लागत. आज सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र मिळते, एका प्रयोगात हजारो! ती हाताने कोण मोजणार? शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मंडळींनी यासाठी 'मसलएक्स' हे सॉफ्टवेअर केले. ते फुकट मिळते. चित्राचे चारही भाग सारखेच असल्याने ते घडी घातल्यासारखे एकमेकांवर ठेवून सरासरी काढते, मागचा धूसरपणा वजा करते आणि दोन मुख्य ठिपक्यांची तीव्रता ताडून पाहते. त्यावरून मायोसिनची डोकी जाड तंतूवर निजलेली आहेत की बारीक तंतूकडे सरकली आहेत, ते कळते.

याचा आपल्याशी संबंध काय? हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. त्यात पुष्कळदा ही डोकी गरजेपेक्षा जास्त कामाला लागलेली असतात. मॅव्हाकॅम्टेन हे औषध त्यांना निजवते, हे २०१८ साली डुकराच्या हृदयस्नायूवर अशाच एक्स-रेने दिसले. २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मायोसिनला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे सुमारे चार टक्के भारतीयांत गळालेली असतात, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेवढ्याने आजार होतोच असे नाही. पण पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा धावता धावता चक्कर येऊन पडला, तर "उपाशी असेल" म्हणून ग्लुकोज पाजून सोडू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असल्यास तेही डॉक्टरांना सांगा. ईसीजी आणि इको होईपर्यंत त्याचे धावणे बंद ठेवा.