हातभर अंतरावरचं युद्ध

पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी कवितेची कथा सहसा दोन टप्प्यांत सांगतात: आधी देशभक्तीची धुंदी, मग सोमच्या लढाईनंतरचा भ्रमनिरास. ४ एप्रिल १९१५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लंडनच्या सेंट पॉल्समध्ये रूपर्ट ब्रुकचं सुनीत वाचलं गेलं. त्याच महिन्यात गॅलिपोलीच्या वाटेवर तो वारला, तोही गोळीने नव्हे, जंतुसंसर्गाने. पुढच्या वर्षी १ जुलैला, सोमच्या पहिल्या एकाच दिवसात, मृत, जखमी, बेपत्ता मिळून ब्रिटिशांची ५७,४७० माणसं गेली. ही कथा खोटी नाही. पण ती फक्त कवींची मतं बदलल्याचं सांगते. माझ्या मते त्याहून मोठा बदल नजरेत झाला. ब्रुकच्या सुनीतात लढाई दिसतच नाही. नंतरच्या कवींनी मात्र सैनिकाला जेवढं दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच कवितेत राहू दिलं. वाचकाला भीती जाणवते ती या अपुरेपणातून.

सिगफ्रिड ससूनची ‘काउंटर-अटॅक’ पाहा. सुरुवात एखाद्या लष्करी अहवालासारखी ठाम आहे: पहिलं लक्ष्य हाती आलंय, खंदक ताब्यात आहे. मग तोफा सुरू होतात आणि कविता ‘आम्ही’ सोडून एका माणसापाशी येऊन थांबते. हुकूम ओरडून दिले जातात, तो गोळ्या झाडत राहतो, पण कशावर, हे त्याला नीट कळत नाही. तो कोसळतो. हल्ल्याचा निकाल शेवटी पुन्हा अहवालाच्या कोरड्या भाषेत येतो, आणि तो निकाल त्याला कधीच कळणार नसतो. विल्फ्रेड ओवेनच्या वायुहल्ल्याच्या कवितेत मुखवटा चढवताना बोटं अडखळतात. कोणीतरी ओरडतंय, कोण, ते सांगितलेलं नाही. पुढे ओवेन भूतकाळ सोडून एकदम वर्तमानात येतो, कारण ते दृश्य आता रोज स्वप्नात पडतं. इतर काही कवितांत त्याने यमकच बिघडवलं: व्यंजनं तीच, स्वर वेगळा, आपल्याकडे ‘वार’ आणि ‘वीर’ जुळवावेत तसं. कान जुळणीची वाट पाहतो आणि दर वेळी थोडक्यात फसतो.

यावर आक्षेप असा की या कविता गोळीबारात लिहिलेल्या नाहीत. ओवेनच्या त्या कवितेचा पहिला खर्डा १९१७ च्या ऑक्टोबरमधला, एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातला. मग हा गोंधळ घडवलेलाच नाही का? घडवलेलाच आहे. गोंधळलेल्या माणसाच्या हातून गोंधळाची कविता होत नाही. त्याच्या हातून फार तर चार तुटक ओळी होतील. कवी येट्सचा आक्षेप अधिक गंभीर होता. १९३६ च्या ऑक्सफर्ड संकलनातून त्याने ओवेनला वगळलं, कारण निमूट सोसणं हा त्याच्या लेखी कवितेचा विषयच नव्हता. पण ससूनचा सैनिक निमूट नाही, तो जिवाच्या आकांताने लढतोय. आयव्हर गर्नीच्या ‘द सायलेंट वन’मध्ये तर तारांच्या कुंपणातल्या फटीतून सरपटत जाता येईल का, असं अधिकारी सभ्यपणे विचारतो आणि सैनिक तितक्याच सभ्यपणे नाही म्हणतो. चहा नको म्हणावं तसा हा नकार. भीतीचं इतकं अचूक चित्र किंकाळ्यांनी भरलेल्या कवितांतही मला सापडत नाही, आणि त्यात सोसण्यापेक्षा निर्णय अधिक आहे.

तिसरा आक्षेप, की हे मोजके कवी त्या काळच्या कवितेचे प्रतिनिधी नव्हेत, मात्र मान्य करावा लागतो. कॅथरीन रायलीच्या सूचीत या युद्धावर लिहिणाऱ्या २,२२५ इंग्रजी कवींची नोंद आहे. त्यांतले बहुसंख्य कधी गणवेशात नव्हते. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला तोवर त्याच्या मोजक्याच कविता छापून आल्या होत्या. ससूनच्या प्रस्तावनेसह त्याचा संग्रह निघाला तो १९२० मध्ये. युद्ध चालू असताना घरोघरी वाचली जाणारी कविता बरीचशी ब्रुकच्याच वळणाची होती. ससूनसारखे अपवाद तेव्हाही छापले जात होते, पण धुंदीनंतर भ्रमनिरास हा क्रम मुख्यतः युद्धानंतरच्या वाचकांनी लावलेला आहे.