‘स्टेपनी’ : शब्द, वस्तू आणि तिची जागा

मोटारीच्या जादा चाकास मराठीत ‘स्टेपनी’ म्हणतात, हे कोणास सांगावयास नको. परंतु हा शब्द आला कोठून, आणि तो उच्चारताना आपण नकळत कोणते आश्वासन देत असतो, याचा विचार क्वचितच होतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने भाड्याच्या मोटारीने प्रवासास निघताना चालकास विचारले होते, “स्टेपनी आहे ना हो?” उत्तर आले, “आहे की, साहेब.” घाटात चाक पंक्चर झाले तेव्हा स्टेपनी होतीच, परंतु ती गाडीच्या पोटाखाली ज्या साखळीने टांगलेली होती, तिची चक्री गंजून घट्ट बसली होती. दोन तास खटपट केल्यावर चाक खाली आले, ते हवेवाचून लिबलिबीत. चालक खोटे बोलला नव्हता. मग चूक कोठे झाली? या प्रश्नाचे उत्तर अंशतः भाषेत व अंशतः वस्तूत आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. स्टेपनी हे मुळात विशेषनाम होय. त्याचा संबंध लंडनच्या स्टेपनी या भागाशी असावा, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. वेल्समधील लानेली या गावी ‘स्टेपनी स्ट्रीट’ नावाचा रस्ता आहे. स्टेपनी हे तेथील जमीनदार घराण्याचे नाव. १९०४ च्या सुमारास टॉमस व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी तेथे एक जादा चाक तयार केले व रस्त्याचेच नाव त्यास दिले. त्या काळच्या मोटारींची चाके वाटेत सहज काढता येण्याजोगी नसत. डेव्हिस बंधूंच्या चाकास आरे नव्हते. ती केवळ हवा भरलेला टायर चढविलेली एक कड होती. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूस ती पकडींनी आवळावयाची, आणि मूळ चाक न काढताच पुढे जावयाचे, अशी ती योजना होती.

पुढे नटबोल्ट सोडवून अख्खे चाक काढता येऊ लागले, आणि ही कड निरुपयोगी ठरली. इंग्लंडमध्ये वस्तूबरोबर शब्दही मागे पडला. भारतात, बांगलादेशात आणि माल्टात मात्र तो टिकला. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत ‘इस्तेपी’ असे त्याचे रूप झाले. म्हणजे आज आपण ज्या वस्तूस स्टेपनी म्हणतो, ती मूळची स्टेपनी नव्हेच. रूप, घडण व बसविण्याची रीत ही सर्व बदलली. कार्य तेवढे राहिले, आणि शब्द त्या कार्यास चिकटून राहिला.

मराठीने या शब्दास पूर्णपणे आपलेसे केले आहे. ‘चाक’ नपुंसकलिंगी असूनही ‘स्टेपनी’ ईकारान्त असल्याने स्त्रीलिंगी झाली. ‘चाळणी–चाळण्या’ याप्रमाणे ‘स्टेपनी–स्टेपन्या’ असे अनेकवचन रूढ झाले. ‘डालडा’ किंवा ‘जेसीबी’ या शब्दांप्रमाणेच येथेही विशेषनामाचे सामान्यनाम झाले. एखाद्याच्या जागी आयत्या वेळी उभ्या करावयाच्या माणसासही विनोदाने ‘स्टेपनी’ म्हणतात. या लाक्षणिक प्रयोगावरून शब्दाचे अर्थघटक स्पष्ट होतात. ते तीन आहेत : वस्तू जादा असावी, जवळ असावी, आणि सज्ज असावी. यांपैकी एकही घटक गळाला, तर उरते ते केवळ एक चाक.

हे तीन घटक एकमेकांशी कसे झगडतात, हे मोटारीत सहसा दिसत नाही, कारण जादा चाकाची जागा कारखान्यातच ठरलेली असते. अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेण्याचे जे प्रवासी ट्रेलर असतात, त्यांत मात्र हा झगडा उघड होतो. ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटे घरच. ओढणाऱ्या वाहनाची स्टेपनी त्यास बहुधा बसत नाही, कारण टायरचा प्रकार, आकार व नटांची मांडणी निराळी असते. त्यामुळे ट्रेलरसाठी स्वतंत्र चाक न्यावे लागते, आणि ते ठेवावयाचे कोठे, हे अनेकदा मालकासच ठरवावे लागते. पंधरा इंची पोलादी रिम व टायर मिळून हे वजन साधारणतः २० ते २५ किलोग्रॅम भरते.

सर्वांत सोयीची जागा म्हणजे मागचा बंपर. चाक तेथे हाताशी असते. परंतु पुष्कळ ट्रेलरांचा बंपर म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर रुंदीची पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी असते; सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरतीच ती उपयोगी. तिच्यावर उभे टांगलेले चाक प्रत्येक खड्ड्यागणिक तिला पीळ देते, आणि कालांतराने जोडाच्या ठिकाणी चीर पडू शकते. मग चाक बंपरासह रस्त्यावर पडण्याचा, म्हणजेच मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतण्याचा, संभव असतो. शिवाय तरफेच्या नियमानुसार मागचे वजन पुढच्या जोडणीवरील भार कमी करते. आसापासून जोडणी जितकी पुढे, तितकेच चाक मागे असेल, तर चाकाच्या वजनाइतका भार तेथून उणा होतो. या जोडणीवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार असावा, असा संकेत आहे. तो फार घटला तर ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. म्हणून चाक मागेच ठेवावयाचे असेल, तर त्याच्या आधाराचे टेकू चौकटीच्या मुख्य तुळयांपर्यंत न्यावेत आणि मागे इतर जड सामान ठेवू नये.

दुसरी जागा ट्रेलरच्या पुढील त्रिकोणी सांगाड्यावर. ही बळकट असते. परंतु तेथे गॅसच्या टाक्या व बॅटरी यांची दाटी असते, आणि चाकाचे बरेचसे वजन थेट जोडणीवर येते. ओढणाऱ्या वाहनास तो भार पेलतो काय, आणि अरुंद वळणावर त्याची मागची बाजू चाकास लागत नाही ना, हे पाहावे लागते. तिसरी जागा चौकटीच्या पोटाखाली. तेथे वजन खाली राहते, ऊन लागत नाही, चोरीही सहज होत नाही. परंतु चिखल व पाणी यांनी दोर व आटे गंजतात. टायर बसल्यामुळे ट्रेलर खाली आला, तर जॅक लावल्यावाचून चाक बाहेर काढता येत नाही, असेही घडते. जी जागा चोरास अवघड, ती कधीकधी मालकासही अवघड होते.

चाक बांधताना एका बंधनावर विसंबू नये. नटांखेरीज स्वतंत्र साखळी अथवा पट्टा असावा, म्हणजे एक सुटले तरी दुसरे धरील. नट कंपनाने सैल होतात. म्हणून प्रवासापूर्वी व थोडे अंतर गेल्यावर ते पुन्हा आवळून पाहावेत. कुलूप लावल्यास त्याची किल्ली, तसेच नटांस बसणारा पाना व ट्रेलरचे वजन पेलणारा जॅक गाडीत असावा. पोटाखालची चक्री वर्षातून एकदोनदा फिरवून तिला तेल द्यावे.

तिसरा अर्थघटक सज्जतेचा. ट्रेलरच्या टायरात मोटारीच्या टायरापेक्षा पुष्कळ अधिक दाब लागतो, आणि वापर नसतानाही तो हळूहळू उतरतो. म्हणून इतर चाकांबरोबर या चाकाचीही हवा तपासावी. उन्हात टांगलेल्या चाकास आवरण घालावे. रबर न चालताही म्हातारे होते. २००० सालापासूनच्या टायरांवर निर्मितीचा चार आकडी संकेत असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ म्हणजे २०१९ मधील बत्तिसावा आठवडा. दिसावयास कोरे करकरीत, परंतु दहा वर्षांचे चाक हे स्टेपनी नव्हे.

भारतात २०२० च्या नियमदुरुस्तीने, ट्यूबलेस टायर, दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान प्रवासी वाहनांवरील जादा चाकाची सक्ती उठली. तेव्हा एके दिवशी ही वस्तू पुन्हा रूप बदलील. त्या दुरुस्तीच्या पेटीसच लोक ‘स्टेपनी’ म्हणू लागले, तर भाषेच्या अभ्यासकास नवल वाटावयास नको.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मराठीतील ‘आहे’ हे क्रियापद येथे केवळ अस्तित्वाची ग्वाही देते. पोच व सज्जता यांविषयी ते मौन बाळगते. चालकाने मला प्रश्नापुरते उत्तर दिले, आणि प्रश्नच अपुरा होता. त्यानंतर मी निघण्यापूर्वी “स्टेपनी काढून दाखवता का?” असे विचारतो. चालक किंचित रागावतात. परंतु चाक खाली येते, आणि मग ‘आहे’ या शब्दावर विश्वास ठेवता येतो.