आमच्यापेक्षा बुटकं हिल स्टेशन

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि आंबोली जेमतेम सातशेच्या घरात. म्हणजे बेळगावकर थंड हवेच्या ठिकाणी जायला निघतो तेव्हा हिशेबानं तो खाली उतरत असतो. शिनोळी, पाटणे फाटा, कानूर करत वेंगुर्ला रोडनं जाताना ऊस संपून काजू लागतात, काजू संपून रान लागतं, नांगरतासचा धबधबा मागे पडतो, पण घाट म्हणून काही लागतच नाही. आंबोली गाव ओलांडलं की एकाएकी जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. सावंतवाडीहून येणाऱ्याला आंबोली डोंगरावर असते, आम्हाला ती काठावर असते. या सीमाभागातली माणसं गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कुठे आणि कशासाठी फिरायला गेली याचा माग काढायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. उन्हाळ्यातला गारवा आमच्याकडे घरचाच होता. त्यासाठी कुणी गाडी जुंपली नसती.

आंबोलीचं नाव झालं ते कामाच्या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. १८१८मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे इथे मोठी छावणी वसली आणि छावणीला रसद हवी होती. ती यायची वेंगुर्ल्याच्या बंदरातून. आधी वापरात होता रामघाट, नंतर पारपोलीवरून चढणारा आजचा आंबोली घाट. बैल घाट चढून दमले की पहिला विसावा आंबोलीत. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी पुढे या विसाव्याचं हिल स्टेशन केलं; ते साहजिकच होतं, कारण ते खालून, सावंतवाडीच्या घामातून वर यायचे.

मग १८८७ साल आलं. सदर्न मराठा रेल्वेची गाडी बेळगावात पोचली आणि पुढच्याच वर्षी मुरगाव बंदरापासून निघालेला लोहमार्ग ब्रागांझा घाट चढून कॅसल रॉकला येऊन मिळाला. माल गोव्याकडून येऊ लागला, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला, आंबोलीच्या रस्त्यावरच्या गाड्या विरळ झाल्या. हे झालं नसतं तर आंबोलीचं काय झालं असतं याचा मी कधीकधी विचार करतो. बहुधा गोदामं, अडते आणि चार पेट्रोल पंप असलेलं एक घाटमाथ्यावरचं बाजारगाव. व्यापार गेला म्हणून रान राहिलं, असं माझं मत आहे.

त्याच १८८७मध्ये इकडे पूर्वेला गोकाकच्या धबधब्यावर वीज तयार झाली. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते. वाळूच्या दगडाचा अर्धवर्तुळाकार कडा, पावसाळ्यात तांबूस गढूळ पाणी आणि शेजारी उत्तर चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ. पण धबधब्याला जे रूप आपण ओळखतो ते सूतगिरणीनं दिलं. १८८५मध्ये तिथे गिरणी निघाली आणि पडणाऱ्या पाण्यावर तिची यंत्रं फिरू लागली. दरीवरचा सुमारे दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल हाही त्या उद्योगाचाच पसारा. आमच्या लहानपणी शाळेची सहल गोकाकला जायची तेव्हा पोरांना धबधब्यापेक्षा पूल हलतो कसा याचंच अप्रूप असायचं, आणि गुरुजी मात्र ‘एका वेळी सगळे नको, सगळे नको रे’ म्हणून ओरडत असायचे.

या पाण्यात आंबोलीचा वाटा आहे हे मात्र कुठल्या सहलीत सांगितलेलं आठवत नाही. हिरण्यकेशी आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळच्या गुहेतून निघते, आजऱ्याजवळ रामतीर्थाला खडकांवरून उड्या घेते, गडहिंग्लज, संकेश्वर करत पूर्वेकडे येते आणि घटप्रभेला मिळते. नांगरतासला पाऊस पडताना बघून आलेल्या माणसानं आठवड्याभरानं गोकाकला जावं. त्याच ढगांशी दुसऱ्यांदा गाठ पडण्याचा संभव असतो.

दूधसागरची कथाही रेल्वेचीच. ३१० मीटरचा, चार टप्प्यांत उतरणारा हा धबधबा भगवान महावीर अभयारण्याच्या रानात आहे. लोहमार्ग त्याच्या अंगावरून गेला नसता तर बेळगावच्या किती लोकांनी तो पाहिला असता? लोंढ्याला गाडी बदलायची, कॅसल रॉक ओलांडलं की खिडकीला चिकटून बसायचं. धबधबा आला की डब्यात पाण्याचे तुषार यायचे आणि खिडकीजवळ नसलेले लोक खिडकीजवळच्यांना शिव्या घालायचे. पुढे रुळांवरून चालत जाण्याची टूम निघाली. २०१३च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या सिनेमात धबधबा दिसला आणि गर्दीला धरबंधच राहिला नाही. जुलै २०२३मध्ये रुळांवर उतरलेल्या पोरांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ती चित्रफीत देशभर फिरली. रेल्वेनं तेव्हा जाहीरच केलं: धबधबा डब्यातूनच बघा. म्हणजे फिरून परत खिडकीपाशीच आलो.

निपाणीकरांचं भूगोलाचं गणित वेगळं. त्यांचा घाट फोंड्याचा. देवगड-निपाणी रस्ता मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतो. बाजारपेठ निपाणीची, बंदर देवगडचं. त्या दोघांच्या मध्ये जे रान आलं ते निपाणीचं फिरायचं ठिकाण झालं. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी १९०७च्या सुमारास हाती घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी, दाजीपूरचं जंगल राखलं गेलं ते आधी शिकारीसाठी आणि १९५८पासून गव्यांसाठी. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत राधानगरी अभयारण्य आहे. आंबोली नाही, याचं बेळगावकरांना थोडं वाईट वाटतं. राऊतवाडीचा धबधबा निपाणीच्या पोरांना पाठ आहे. आणि घरच्या घरी हवा खायची तर स्तवनिधीचा घाट आहेच. पुणे-बंगळूर महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना तो घाट आहे हेही कळत नाही. तंबाखूच्या वखारींतला खाट सबंध दिवस नाकात घेतलेल्या माणसाला संध्याकाळी स्तवनिधीवर काय वाटत असेल, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि फिरायला जाणं म्हणजे राज्य ओलांडणं झालं. खरं सांगायचं तर सहलींवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. दोन्ही राज्यांच्या एसट्या वेंगुर्ला रोडवर धावत राहिल्या. देवरवाडीचा वैजनाथ तेव्हाही सोमवारी बेळगावकरांनी भरायचा, आजही भरतो, आणि तो महाराष्ट्रात आहे हे फक्त मोबाइलचं नेटवर्क बदलल्यावर आठवतं. अडचण झाली ती अधूनमधून: सीमाप्रश्न पेटला की बस बंद, जशा डिसेंबर २०२२मध्ये झाल्या; किंवा २०२१मध्ये, जेव्हा निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. त्या वर्षी कोल्हापूरकडचे अनेक जण नाक्यावरूनच मागे फिरले.

छप्पननंतरच्या दशकांतलं फिरणं साधं होतं. राकसकोपचं धरण, राजहंसगड, आणि पुढे घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं तेव्हा तेही. राकसकोप म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी, हिडकल म्हणजे ५१ टीएमसीचा शेतीचा साठा. दोन्ही पाण्याच्या गरजा. आम्ही तिथे दशमी-चटणी, भडंग आणि स्टोव्ह घेऊन जायचो. हिडकलचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. तेवढं बघायला म्हणून लोक मे महिन्यात जातात, आणि मान्सून लांबला की हे देऊळ जास्त दिवस उघडं राहतं. शेतकरी चिंतेत आणि भाविक खूश, असा तो विचित्र महिना असतो.

सगळ्यांत मोठा बदल मात्र हंगामाचा झाला आणि त्याची नोंद कुणी नीट घेतलेली नाही. इंग्रजांचं हिल स्टेशन एप्रिल-मेचं. पाऊस लागला की साहेब सामान बांधून खाली उतरायचा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना बुरशी, कपड्यांना वास, आठ-आठ दिवस सूर्य नाही. जुन्या माणसांना पावसात आंबोलीला जायचं म्हटलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. आज आंबोलीचा हंगाम जून ते सप्टेंबर आहे आणि मेमध्ये हॉटेलांत खोल्या मिळतात. हे घडलं साधारण गेल्या तीसेक वर्षांत. दुचाकी सगळ्यांकडे आल्या, मग चारचाकी आल्या, ‘वर्षा पर्यटन’ नावाची वस्तू बाजारात आली, आणि धुकं, जे पूर्वी दृश्य झाकायचं, तेच दृश्य झालं. कावळेसादला वाऱ्यानं उलटं वर उडणारं पाणी अंगावर घ्यायला लोक रांगेनं उभे राहतात. दरी दिसलीच नाही तरी कुणाची तक्रार नसते. तिथे अपघात झाले, मग कठडे आले, मग कठड्यावर चढून फोटो काढणारे आले.

जुलैतल्या रविवारी घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी जे चालतं त्याचं वर्णन करत नाही. भजी चांगली मिळतात.

पण याच पावसानं एक दुसरा पर्यटकही आणला. तो रात्री टॉर्च घेऊन ओढ्याकाठी वाकून चालतो आणि बेडकांचे फोटो काढतो. २००९मध्ये आंबोलीतला एक छोटा भेक शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नावात ‘टायगरिना’. सड्यावरच्या खडकांतल्या इवल्याशा डबक्यांत तो अंडी घालतो, आणि वाहनांखाली सर्रास मरतो. २०२०मध्ये हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका लहानशा माशाला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं. तो शोधणाऱ्यांत तेजस ठाकरे होते, त्यामुळे बातमीही मोठी झाली. २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. आमच्या आज्यांनी ज्या कुंडाचं पाणी तीर्थ म्हणून बाटलीत भरून आणलं, त्यातच हा मासा फिरत होता.

वारसा, आराखडा, विकास असे शब्द आंबोलीत उच्चारले की गावकरी एकच प्रश्न विचारतात: जमीन कुणाची? आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत कबुलायतदार गावकर पद्धत होती. संस्थानी काळापासून जमीन गावकरांनी मिळून कबुलायतीवर धरलेली. वहिवाट घराघराची, कागद सामायिक. १९९९मध्ये त्या जमिनींवर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कर्ज नाही, घराला परवानगी नाही. कावळेसाद गेळ्यात येतं. बाहेरच्यांसाठी तो पॉइंट, गेळेकरांसाठी सातबाऱ्याचं दुखणं. अलीकडे वाटपाचे निर्णय निघाले, पण त्याला दोन दशकांहून जास्त काळ गेला. आंबोलीत स्थानिकांपेक्षा बाहेरच्यांचे बंगले झटपट कसे उभे राहतात, अशी कुजबुज चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते ती याच काळातली.

दक्षिणेला खानापूर तालुक्यात गोष्ट उलट दिशेनं गेली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा पट्टा बेळगाव-गोवा रस्त्यानं उघडला. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि तिथून जवळच्याच डोंगरांत म्हादई जन्म घेऊन पश्चिमेला गोव्यात जाते. २००६पासून कणकुंबीला म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवणाऱ्या कळसा कालव्याचं काम सुरू झालं. १४ ऑगस्ट २०१८ला म्हादई लवादाचा निवाडा आला, वाद मिटला नाही. डिसेंबर २०११मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं. त्याच्या पोटात बारापेडेच्या गुहा आहेत आणि तिथे राटनची मुक्तपुच्छ वटवाघळं राहतात. जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडलेली ही जात. तिकडे कुणाला जाऊ देत नाहीत, ते बरंच आहे. गवळीजवळचा वज्रपोहा धबधबा आमच्या तरुणपणी मित्रांबरोबर वाट चुकत-चुकत गाठायची जागा होती. आता पावसाळ्यात तिथे वनखात्याचा अडसर असतो. २००२मध्ये कर्नाटकातले हत्ती याच रानांतून दोडामार्गात उतरले आणि आजतागायत तिथल्या केळी-माडांच्या बागांत वावरतात; त्यांना अडवणारा नाका अजून कुणी बांधलेला नाही.

ऑगस्ट २०१९नं सगळ्यांनाच भानावर आणलं. वर घाटात दरडी, खाली घटप्रभेच्या पुरात गोकाक, आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढून वाहतूक ठप्प. जुलै २०२१मध्ये यमगर्णी परत पाण्याखाली. पाऊस बघायला निघालेले लोक पावसातच अडकून पडले. दरम्यान संकेश्वर-बांदा महामार्गाचं रुंदीकरण झालं आणि निपाणीकरांना आजरामार्गे आंबोली जवळ आली. त्यासाठी कडेची झाडं पडली. आजऱ्याच्या उतारावरची ती जुनी सावली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा रस्ता उघडाबोडका वाटतो; पण याच रस्त्यानं आता घनसाळ तांदूळ आणि काजू घेऊन लोक घरी परततात, हेही खरं.

जायचंच असेल तर आंबोलीला सप्टेंबरच्या मधल्या वारी जावं. धुकं फाटतं, कावळेसादला खालचं कोकण दिसतं आणि सड्यावर रानफुलं असतात. रामतीर्थाला पाणी थोडं उतरल्यावर. गोकाकला मात्र हिडकल भरून दरवाजे उघडल्याची बातमी पेपरात आली की त्याच आठवड्यात निघावं. नंतर गेलात तर पूल, देऊळ आणि कोरडा खडक बघून यावं लागेल.