पैनगंगा-वर्धेचा जलमार्ग : एका अपुऱ्या योजनेचे अवशेष आणि तिचे कागद

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, वणीच्या दक्षिणेस मुकुटबन हें गांव आहे. गांवाच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. ही नदी वऱ्हाड आणि निजामाचें राज्य यांमधील जुनी सीमा होय. पुढें ती वर्धेस मिळते, वर्धा वैनगंगेस मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यानजीक गोदावरींत जाते. म्हणजे मुकुटबनच्या शिवारांत पडलेलें पावसाचें पाणी अखेर राजमहेंद्रीखालून पूर्वसमुद्रास पोंचतें. पाणी जेथें जातें तेथें नाव कां जाऊं नये, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कांहीं इंजिनिअरांस पडला, आणि त्यापायीं वीस वर्षें व मोठी रक्कम खर्ची पडली. त्या उद्योगाची हकीकत वाचकांपुढें मांडणें, आणि तत्संबंधीं कागद हातीं आल्यास ते कसे वाचावे याची दिशा दाखविणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. या प्रांतांतील जुन्या कागदांत नाव, डोंगा, नावाडी, उतार असे शब्द दिसले कीं कित्येक जण त्यांवरून नदीच्या लांबीनें चालणाऱ्या व्यापारी नौकानयनाचें अनुमान काढतात. तें सहसा बरोबर नसतें. उतार म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. तेथील नाव या तीरावरून त्या तीरास जाते व येते, आणि तिच्यावरील हक्क, भाडें, मक्ता यांचेच उल्लेख बहुधा कागदांत येतात. नदी ओलांडणें आणि नदीनें प्रवास करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिली नदीकांठच्या बहुतेक गांवीं घडत आली. दुसरीसाठीं नदी मुद्दाम सिद्ध करावी लागते. आम्ही येथें विचार करणार तो दुसरीचा.

ही योजना सन १८५१ च्या सुमारास पुढें आली. तिच्यामागें सर आर्थर कॉटन यांचें नांव मुख्य आहे. गोदावरीच्या मुखाकडे धवळेश्वर येथील प्रचंड बंधारा त्यांनीं सन १८४७ ते १८५२ या काळांत बांधविला. त्या बंधाऱ्याचे कालवे शेतीस पाणी देत, तसेच नौकांसही वाट देत. काकीनाडा बंदरापर्यंत माल त्यांतून जाऊं शके. कॉटन यांचा सिद्धांत असा कीं, हिंदुस्थानास आगगाडीपेक्षां जलमार्ग अधिक स्वस्त पडेल. कापूस पिकविणारें वर्धेचें खोरें आणि काकीनाड्याचें बंदर हीं एकाच पाण्यावर आहेत. तेव्हां मधले अडथळे काढले तर हिंगणघाटच्या बाजूचा कापूस नावेंत चढवून थेट समुद्रास नेतां येईल, असा हा हिशेब होता. हेग नामक इंजिनिअरानें गोदावरीच्या नौकानयनयोग्यतेवर सन १८५६ त अहवाल लिहिला, आणि पुढील कामाची सूत्रें मुख्यतः त्याच्याच हातीं राहिलीं.

येथें राजकीय इतिहासाकडे दृष्टि टाकणें जरूर आहे. योजना निघाली तेव्हां हा मार्ग इंग्रजांच्या मुलखांतून जात नव्हता. वर्धेची एक बाजू नागपूरकर भोसल्यांची, दुसरी निजामाची. गोदावरीचीही तीच गत. परंतु सन १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें, त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले आणि सन १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें. डलहौसीनें त्या प्रसंगीं लिहिलेल्या टिपणांत कापसाच्या पुरवठ्याचा मुद्दा आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. राहिली ती गोदावरी. सन १८६० च्या तहानें निजामानें तिच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांस दिले आणि नदीवरील व्यापार जकातीपासून मुक्त झाला. त्या तालुक्यांचा 'अप्पर गोदावरी' जिल्हा बनला व त्याचें ठाणें सिरोंचा येथें झालें. दहा वर्षांच्या आंत नदीचा बहुतेक मार्ग एका सत्तेखालीं आला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. मात्र कापूस हेंच एकमेव कारण होतें असेंही म्हणवत नाहीं.

आतां अडथळ्यांविषयीं. मार्गांत खडकांचे तीन मोठे पट्टे होते. खालून वर जातांना पहिला भद्राचलमच्या वरच्या अंगास दुम्मगुडेम येथें, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखालीं इंचमपल्ली येथें आणि तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या मुलखांत, देवलमरी येथें. यांवर उपाय एकच होता. खडकाळ भागाच्या माथ्याशीं नदीवर बंधारा घालावयाचा, पाणी बाजूस काढलेल्या कालव्यांत न्यावयाचें, आणि अडथळा ओलांडल्यावर तो कालवा पुन्हां नदीस मिळवावयाचा. कालव्याची उंची व नदीची उंची यांत जो फरक, तो 'लॉक'नें भरून काढावयाचा.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारें असलेला दगडी हौद. नाव आंत आली कीं मागचें दार लावतात. वर जावयाचें असल्यास वरचें पाणी हौदांत सोडतात. पाण्याबरोबर नाव चढते. दोन्हींकडचें पाणी समपातळीस आलें म्हणजे पुढचें दार उघडतें. उतरतांना हीच कृति उलट. यावरून संशोधकास उपयोगी असा एक नियम निघतो : नावेचें माप लॉक ठरवितो. इंग्लंडांतील अरुंद कालव्यांचे लॉक सुमारें ७ फूट रुंद व ७२ फूट लांब, म्हणून तेथील मालवाहू नावाही सुमारें तेवढ्याच झाल्या. लांकडी नाव कुजते, मोडते, जळणांत जाते. दगडी हौद राहतो. जेथें नाव उरली नाहीं तेथें हौद मोजला असतां ती जास्तींत जास्त केवढी असूं शकली असती, हें सांगतां येतें.

काम चाललें कसें? दुम्मगुडेमचा बंधारा व कालवा बऱ्याच अंशीं सिद्ध झाला. वरच्या दोन ठिकाणचें काम अपुरें राहिलें. प्रदेश दाट जंगलाचा, वस्ती विरळ, मजूर बाहेरून आणावे लागत, आणि हिंवताप त्यांस टिकूं देत नसे. नदीला पुरेसें पाणी वर्षांतून कांहीं महिनेच. लॉक पुरे नाहींत तोंवर प्रत्येक अडथळ्यापाशीं माल उतरवा, जमिनीवरून न्या, पुन्हां चढवा, हा खटाटोप. सन १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास अपूर्व भाव आला आणि योजनेस जोर चढला. युद्ध संपलें तसा भाव उतरला. इतक्यांत सन १८६७ त आगगाडी मुंबईहून नागपुरास पोंचली. वर्धेच्या खोऱ्यांतील कापूस पश्चिमेकडे वळला तो वळलाच. सन १८७१ च्या आक्टोबरांत हिंदुस्थान सरकारनें काम बंद केलें. सन १८७४ त भद्राचलमकडील भाग मद्रास इलाख्यास जोडला, बाकीचा चांदा जिल्ह्यांत गेला, आणि 'अप्पर गोदावरी' हें नांव कारभारांतून नाहींसें झालें.

या तारखा संग्राहकांस कसोटीप्रमाणें वापरतां येतील. ज्या कागदांत 'अप्पर गोदावरी जिल्हा' चालू कारभाराचा म्हणून येतो, तो सन १८६० ते १८७४ मधील असला पाहिजे. तारीख फाटली असली तरी हरकत नाहीं. वणी-मुकुटबनचा मुलूख 'वून' जिल्ह्यांत दाखविला असेल तर कागद सन १९०५ पूर्वींचा, कारण त्या वर्षीं जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. रक्कम हाली शिक्क्यांत व सन फसली असेल तर कागद पलीकडच्या तीराचा असण्याचा संभव अधिक. दक्षिणी फसलींत ५९० मिळविले असतां इसवी सन येतो, जसें फसली १२७० म्हणजे सन १८६०-६१. आणि नकाशावर तिन्ही बंधारे रेखलेले दिसले म्हणून ते बांधले गेले होते असें समजूं नये. नकाशा पुष्कळदां इच्छा दाखवितो. काम झालें कीं नाहीं हें खर्चाचा हिशेब व जागेवरचा दगड सांगतो.

मुद्दा जुन्या गोष्टींच्या हौसेपुरता नाहीं. सन २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरविले. त्यांत ७८ वा पैनगंगा-वर्धा हा आहे आणि १०९ वा वैनगंगा-प्राणहिता. म्हणजे दीडशें वर्षांमागें सोडून दिलेली रेघ कागदावर पुन्हां ओढली गेली आहे. दुसरीकडे, प्राणहितेच्या संगमाखालीं सिरोंच्याच्या बाजूस गोदावरीवर मेडीगड्डा येथें मोठें धरण झालें. सन २०१९ त तें सुरू झालें आणि सन २०२३ च्या आक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. नदीवर नवीं कामें होतात तेव्हां जुन्या कामांचे दगड पाण्याखालीं जातात किंवा भरावांत पडतात. पूर्वींच्यांनीं कोठें ठेंच खाल्ली हें ज्या दगडांवरून कळावें, तेच असे जावेत ही खेदाची गोष्ट होय.

इंग्लंडांतही आगगाडीनें कालव्यांस मागें टाकलें होतें. तेथें एल. टी. सी. रोल्ट यांनीं जुन्या अरुंद नावेंत राहून कालव्यांचा प्रवास केला व त्याचें पुस्तक सन १९४४ त प्रसिद्ध केलें. सन १९४६ त रोल्ट व रॉबर्ट ऐकमन यांच्या पुढाकारानें जलमार्गांच्या रक्षणासाठीं संस्था निघाली. पुढें हौशी लोकांनीं गाळ उपसून, दारें बसवून कित्येक कालवे पुन्हां वाहते केले. आमच्याकडे तसें व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. पैनगंगेचें उन्हाळ्यांतील पात्र ज्यांनीं पाहिलें आहे ते तसें म्हणणार नाहींत. परंतु त्या उद्योगाचा पहिला भाग, म्हणजे मोजणी व टिपण, आम्हांसही साधण्याजोगा आहे.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी. हिंगणघाट, वणी, वरोरा येथील जुन्या आडतींच्या मोडी वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं सन १८५५ ते १८७५ मधील पानें पहावींत. कापूस पूर्वेकडे पाठविल्याची एखादी नोंद सांपडली तर ती मोलाची, आणि कसून शोधूनही न सांपडली तर तेंही लिहून ठेवावें. देवलमरी येथें जे जातील त्यांनीं उन्हाळ्यांत, पाणी उतरलें असतां, दगडी कामाचीं मापें घ्यावींत व छायाचित्रें काढावींत. नदीकांठच्या ढिवरांकडून डोंग्याच्या भागांचीं नांवें आणि पात्रांतील खडकांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. हीं नांवें छापील नकाशांत नसतात, आणि सांगणारे वृद्ध दर वर्षीं कमी होत आहेत.

आज मुकुटबनच्या परिसरांत चुनखडक व कोळसा निघतो, सिमेंट होतें, आणि माल लोहमार्गानें व सडकेनें जातो. नदीचा प्रश्न तेथील व्यापाऱ्यास पडत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तो पडला पाहिजे. कारण न झालेल्या गोष्टींचाही इतिहास असतो, आणि त्याचे कागद झालेल्या गोष्टींच्या कागदांहून लवकर नष्ट होतात.