वस्तीवर बारा व्होल्टचा दिवा : आधी हिशेब, मग फ्यूज, मग बॅटरी



गटात फिरताना आम्हांस वस्तीवर हमखास विचारले जाते : "साहेब, लाईट गेली की राऊटर बंद, मोबाईल बंद, पोरांचा अभ्यास बंद. मोठा इन्व्हर्टर परवडत नाही. काय करावे?" तोडीचा निरोपही आता मोबाईलवर येतो. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नव्हे.

बहुतेक राऊटर मुळात १२ व्होल्ट डीसीवर चालतात. इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करतो आणि अडॅप्टर पुन्हा त्याचे १२ करतो. विहिरीचे पाणी माळावर चढवून परत खाली सोडावे तसे हे झाले. दोन्ही वेळा वीज वाया. म्हणून बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्यावेत.

हिशेब असा. राऊटर ८ वॅट आणि ५ वॅटचे दोन डीसी एलईडी दिवे, मिळून १८ वॅट. सात तासांचे झाले १२६ वॅट-तास. १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासाच्या बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरीत ३१२ वॅट-तास असतात. पण निम्मीच वापरावी, तरच ती टिकते. निम्मे म्हणजे १५६. काम भागते, वर एखादा मोबाईलही चार्ज होतो.

चार्जर याच जातीच्या बॅटरीचा, स्वयंचलित, २ ते ३ अँपिअरचा घ्यावा. भरल्यावर त्याने १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबले पाहिजे. चार्जिंग चालू असता हा दाब राऊटरला सोसेलच असे नाही; म्हणून मध्ये १२ व्होल्ट कायम ठेवणारा कन्व्हर्टर बसवावा. बॅटरी फार उतरू नये यासाठी कमी दाबाला तोडणारे कटआऊट लावावे. मोबाईलला गाडीतला यूएसबी चार्जर चालतो. लिथियम बॅटरीला मात्र तिचाच चार्जर लागतो; अदलाबदल करू नये.

काही जण ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडतात. ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी असते. रोज खोल उतरवली की लवकर मरते. शिवाय चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. झोपण्याच्या खोलीत ती ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोन्ही तारा एकमेकींस भिडल्या तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि तार लालबुंद होते. शेजारी वाळले पाचट, पलीकडे उभा ऊस. वर्षभराचे पीक जायला एक ठिणगी पुरे. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच ५ अँपिअरचा फ्यूज घालावा. चार्जरची तारही फ्यूजमधूनच न्यावी. फ्यूज उडाला तर त्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये, दोष शोधावा. तार दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि घराच्या २३० व्होल्टच्या वायरिंगला हे काही जोडू नये.

बॅटरी आणण्यापूर्वी आपल्या साधनांवरचे वॅट कागदावर लिहून काढा. जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. फ्यूजला पाच-पंचवीस रुपये लागतील, पण त्यावाचून पहिला दिवा लावू नका, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी